दीडशेचा ऑइल फिल्टर की हजाराचा? जालन्याच्या गॅरेजमधून उत्तर

परतूरच्या एका दादांचा प्रश्न आहे. २०१९ ची पेट्रोल वॅगनआर, ६८ हजार किलोमीटर झालेत. घरी दहा वर्षांचा ट्रॅक्टर. गाडीला कंपनीचा ऑइल फिल्टर दीडशेच्या आत बसतो. पुण्याचा मेव्हणा मात्र म्हणतो, "असले स्वस्तातले डबे लावून इंजिनाची वाट लावताय, हजारवाला इम्पोर्टेड टाका, इंजिन दुप्पट चालेल." तर मेव्हणा खरं बोलतोय का, आणि ट्रॅक्टरलाही तसलाच बघावा का?

आधी उत्तर. वॅगनआरला गरज नाही. ट्रॅक्टरला तर अजिबात नाही, त्याचे पैसे दुसरीकडं घालायचेत, ते कुठं ते पुढं सांगतो. पण "सगळे फिल्टर सारखेच, वर नुसता रंग वेगळा" असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीतही मी बसणार नाही. सत्तावीस वर्षं चेंबर नट, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा नट, खोलतोय. फिल्टर-फिल्टरमध्ये फरक असतो आणि चांगलाच असतो. दीडशे आणि हजार यांच्यात तो जेवढा असतो, त्यापेक्षा कितीतरी जास्त साठ रुपये आणि दीडशे यांच्यात असतो.

गेल्या उन्हाळ्यात गॅरेजमधल्या पोरांना दाखवायला म्हणून एकाच गाडीचे तीन नवे डबे कापले. एक कंपनीचा, एक महागडा, आणि एक मोंढ्याजवळच्या दुकानातून साठ रुपयांत आणलेला. कापायला कटर वापरला, ग्राइंडर नाही. ग्राइंडरनं लोखंडाची भुकटी उडते, ती कागदावर बसते, आणि वापरलेला डबा कापला असेल तर त्यातला चुरा इंजिनाचा की आपल्या ग्राइंडरचा हेच कळत नाही. तिन्ही पोटं पेपरवर मांडली. महागड्यातला कागद पांढुरका, कापडासारखा, मागून बारीक तारेची जाळी. तो कागद नसतोच, काचेचे आणि कृत्रिम धागे असतात. कंपनीच्या डब्यातला पिवळसर साधा कागद, पण घड्या एकसारख्या, दोन्ही टोकांना नीट चिकटवलेल्या. साठवाल्यात घड्या कंपनीच्या निम्म्याच्या आसपास. एका बाजूला दाटीवाटीनं, दुसरीकडं बोट जाईल एवढी मोकळी जागा, आणि जिथं कागदाची दोन टोकं जोडलेली असतात तिथं डिंक सुटलेला. पोरगं म्हणालं, "मामा, हितून तर तेल सरळच जायलंय की!" अगदी बरोबर. चाळणीला भोक असलं की पीठ कशातून चाळलं याला अर्थ राहत नाही.

डब्यात कागदाशिवाय आणखी दोन गोष्टी असतात आणि ग्राहकाला त्या कुणीच सांगत नाही. एक बायपास वॉल्व्ह. फिल्टर चोंदला किंवा सकाळच्या थंडीत तेल जाड असलं, तर कागदातून पुरेसं तेल जात नाही. मग हा वॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं तेल तसंच इंजिनात सोडतो. कारण घाण तेल इंजिनाला काही दिवस चालतं, तेलच नाही हे एक मिनिटही चालत नाही. त्याची स्प्रिंग ढिली असली तर वॉल्व्ह कायम अर्धवट उघडा राहतो आणि फिल्टर नावाला उरतो. काही इंजिनांत हा वॉल्व्ह डब्यात नसून इंजिनाच्याच अंगात असतो. म्हणून "आटे बसले म्हणजे फिल्टर बसला" हा हिशोब चुकीचा. नंबर जुळवूनच घ्यायचा.

दुसरी, तेल परत खाली उतरू न देणारी रबरी चकती. गाडी बंद केल्यावर डब्यातलं तेल चेंबरमध्ये गळून गेलं, तर सकाळी स्टार्टर मारल्यावर पंप आधी डबा भरणार आणि मग वर तेल पोचवणार. तेवढे एक-दोन सेकंद टॅपेटचा खडखडाट ऐकू येतो. स्वस्त डब्यात ही चकती काळ्या रबराची असते, उष्णतेनं कडक होते आणि नीट बसेनाशी होते. महागड्यात बहुतेक वेळा सिलिकॉनची असते, नारिंगी किंवा तांबडी, आणि ती शेवटपर्यंत मऊ राहते. जास्तीच्या पैशाचं सगळ्यात खरं मोल मला इथं दिसतं. मात्र तुमच्या इंजिनावर डबा तोंड वर करून उभा लटकत असेल तर तेल तसंही त्यातच राहतं, मग चकती कसलीही असो. आडवा किंवा उलटा बसत असेल तरच ती कामाची. बॉनेट उघडून किंवा गाडीखाली वाकून बघा, पैसा खर्च न करता कळतं.

आता मायक्रॉनचं. खोक्यावर "१० मायक्रॉन" छापलेलं बघून लोक भुलतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग, आपला केस साधारण सत्तरचा. पण नुसता आकडा काहीच सांगत नाही. दहा मायक्रॉनचे शंभर कण आले तर त्यातले किती अडवले हे सांगायला हवं. पन्नास अडवणाराही स्वतःला दहा मायक्रॉनचा म्हणवतो आणि अठ्ठ्याण्णव अडवणाराही. याची चाचणी ठरलेली आहे, आयएसओ ४५४८-१२ या नावानं. ज्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकावर टक्का आणि मायक्रॉन दोन्ही एकत्र दिलेत, त्या कंपनीला आपल्या मालाची खात्री आहे असं समजायला हरकत नाही. आणि महाग म्हणजे बारीकच गाळणार असंही नाही. शर्यतीच्या गाड्यांच्या नावानं विकले जाणारे काही महागडे फिल्टर मुद्दाम मोकळे ठेवलेले असतात, तेल भराभर जावं म्हणून. ते साध्या फिल्टरपेक्षा कमी गाळतात. हजार रुपये देऊन जाड चाळणी घरी आणणारे मी पाहिलेत.

मेव्हण्याच्या "दुप्पट चालेल"मागं काय असेल याचा मला अंदाज आहे. १९८८ साली अमेरिकेत एसएई या अभियंत्यांच्या संस्थेत एक शोधनिबंध मांडला गेला. ४० मायक्रॉनच्या फिल्टरऐवजी ३० चा लावला तर झीज निम्म्यानं कमी, १५ चा लावला तर सत्तर टक्क्यांनी कमी, असे त्याचे आकडे जाहिरातींत आजही फिरतात. आकडे खोटे नाहीत. पण त्या चाचणीत धूळ मुद्दाम तेलात घालून इंजिन चालवलं होतं, झीज लवकर दिसावी म्हणून. तुमच्या वॅगनआरच्या तेलात कुणी मूठभर माती टाकत नाही. शिवाय चांगल्या इंजिनात तीन-साडेतीन लिटर तेल पंपातून एका मिनिटात अनेकदा फिरतं. पहिल्या फेरीत निसटलेला कण दुसऱ्या, पाचव्या, विसाव्या फेरीत सापडतो. घाण हळूहळू येत असेल तर मध्यम चाळणीही तिला पुरून उरते. घाण भसाभसा येत असेल तर मात्र आधी ती येतेय कुठून हे बघायला हवं.

आणि आपल्याकडं ती कुठून येते? ही जागा इंजिनाच्या खाली नाही, वर आहे.

घनसावंगीकडचा एक ट्रॅक्टर दोन वर्षांमागं गॅरेजला आला होता. पंचेचाळीस एचपी, मीटरवर एकोणीसशे तास, आणि निळा धूर असा की मागचा रोटाव्हेटर दिसेना. एवढ्या तासांत इंजिन उतरवायची वेळ यायला नको. मालक कळवळून सांगत होते, "मिस्तरी, तेल मी दोनशे तासाला बदलायलोय. फिल्टर बी महागातलाच टाकायलोय, बिलं आहेत माझ्याकडं." बिलं खरंच होती. मी एअर क्लीनरकडून इंजिनात जाणारा रबरी पाइप काढला. खालच्या बाजूनं, जिथं दिसत नाही तिथं, वळणावर चीर. क्लिपच्या जागी बाइंडिंग तार पिळलेली. पाइपात बोट घालून फिरवलं आणि बाहेर काढलं, तर बोट पिठात बुडवल्यासारखं. या बाजूला धुळीचा कणही असता कामा नये, कारण ही गाळून झाल्यानंतरची बाजू. एअर क्लीनरची खालची तेलाची वाटी खोलली, तर तेल कुठलं, आत पिठल्यासारखा घट्ट गाळ.

इंजिन उतरवलं. बोअरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीच्या, वरच्या टोकाला नख अडेल एवढी कड पडलेली. वरची रिंग बोअरमध्ये बसवून फट मोजली, अर्धा मिलीमीटरच्या आत हवी ती दीडच्या पुढं. आणि आता नीट ऐका: क्रँकच्या बेअरिंगा चांगल्या होत्या. नव्यासारख्या नाही, पण आणखी हजार तास सहज काढल्या असत्या. म्हणजे त्या महागड्या फिल्टरनं त्याचं काम केलं होतं. तेलात उतरलेली माती त्यानं अडवली, खालचा भाग वाचवला. पण माती तेलात उतरायच्या आधीच वर रिंगा आणि बोअर खाऊन झाली होती. हवेतून आलेली धूळ आधी सिलिंडरमध्ये जाते, तिथं घासते आणि मग रिंगांच्या कडेनं तेलात येते. ऑइल फिल्टर तिला भेटतो तो चोरी झाल्यावर. लायनर, पिस्टन, रिंगा, मजुरी धरून मालकांना चाळीस हजारांच्या पुढं गेलं. पाइप दोनशे-अडीचशेचा होता.

आपली धूळ साधी नाही हेही लक्षात घ्या. मराठवाडा बहुतेक सगळा बेसाल्टवर, काळ्या पाषाणावर वसलाय. काळ्या रानाची चिकण धूळ एकवेळ मऊ, पण मुरूम, खडी, क्रशरची भुकटी हा दगडच आहे आणि लोखंडावर ओरखडे काढतो. मार्च ते मेमध्ये, त्रेचाळीस अंशांत, पुढच्या गाडीच्या धुरळ्यात शिवाराच्या रस्त्यानं जाणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर उघडून बघा. सर्व्हिस बुकात धुळीच्या भागासाठी वेगळी मुदत छापलेली असते, ती आपल्यासाठीच आहे. पुण्याच्या मेव्हण्याला ती वाचायची गरज पडत नसेल.

म्हणून ट्रॅक्टरचं असं करा. तेलाची वाटी असलेला एअर क्लीनर असेल तर पेरणीच्या, रोटाव्हेटरच्या दिवसांत ती रोज उघडून बघायची. गाळ दिसला की तेल बदलायचं, खुणेपर्यंतच भरायचं, जास्त नाही. कागदी असेल तर तो टायरवर आपटायचा नाही. प्रत्येक गावात आपटतात, आणि प्रत्येक आपटण्यात कागदाची कड थोडी चेपते, रबर सुटतं. कंप्रेसरची हवा मारायचीच असेल तर आतून बाहेर आणि लांबून. नोजल कागदाला टेकवून बाहेरून हवा मारणारे कागदाला बारीक भोकं पाडतात, मग फिल्टर दिसतो स्वच्छ आणि चालतो जाळीसारखा. पाइपाच्या दोन्ही टोकांना धड क्लिपा हव्यात, तार किंवा सुतळी नको. महिन्यातून एकदा गाळलेल्या बाजूनं बोट फिरवायचं. बोट कोरडं आणि स्वच्छ निघालं तर ऑइल फिल्टर कंपनीचाच ठेवा आणि तेलाचे तास पाळा.

वॅगनआरलाही हेच. हजार आणि दीडशे यांच्यात साडेआठशेचा फरक. त्यात एअर फिल्टर दोनदा-तीनदा नवा येतो. परतूरच्या रस्त्यांसाठी मी दर सर्व्हिसिंगला तो उघडून बघेन, आणि पुस्तकातल्या मुदतीची वाट न बघता बदलेन. तेल दहा हजार किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल ते. गाडी वर्षाला चार हजारच चालत असेल तरी वर्षानं बदलायचंच. घर ते बाजार अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल आणि पाण्याची वाफ तेलात उतरते. ती कुठलाही फिल्टर गाळत नाही, दहा हजारांचा असला तरी. समृद्धीवरून एका दमात नागपूरला जाऊन आलेली गाडी लोकांना दमलेली वाटते, पण तेलाच्या हिशोबानं ती फेरी उलट बरी.

डिझेलवाल्यांचं नेहमीचं गाऱ्हाणं, "तेल आठ दिवसांत काळं झालं, फिल्टर डुप्लिकेट दिसतो." नाही हो. डिझेलची काजळी मायक्रॉनपेक्षाही बारीक असते. ती फिल्टरमधून निघून जाते आणि तेलानं तिला पोटात धरून ठेवायची असते. तेल काळं झालं म्हणजे तेल काम करतंय.

मग महागडा घ्यायचा कुणी? मी स्वतः तीन ठिकाणी सुचवतो. टर्बो डिझेल, रोज दोन-अडीचशे किलोमीटर, सिंथेटिक तेल आणि लांब मुदत: तिथं कृत्रिम धाग्यांचा फिल्टर घ्या, कारण साधा कागद लांब मुदतीत तापून ठिसूळ होतो आणि याची घाण साठवायची ताकद जास्त असते. दुसरं, डबा आडवा किंवा उलटा बसतो आणि सकाळी खडखड होते, तिथं सिलिकॉन चकतीवाला. तिसरं, इंजिन नुकतंच उतरवून बांधलंय. पण तिथं मी महागड्यापेक्षा लवकर बदलण्यावर भर देतो, पहिल्या हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर दोन्ही, कारण नव्या रिंगांचा चुरा तेव्हाच निघतो. १.३ लिटरचं डिझेल, जे स्विफ्ट आणि डिझायरला यायचं, त्यात डबा नसतो, नुसता कागदी एलिमेंट झाकणाखाली बसतो. मारुतीनं डिझेल गाड्या २०२० मध्ये बंद केल्या, म्हणजे ही सगळी इंजिनं आता जुनी झालीत. त्यांना भलतासलता एलिमेंट लावू नका, दाबानं मधूनच चेपलेले काढलेत मी. आणि खोक्यात येणारी ओरिंग, म्हणजे झाकणाची रबरी कडी, बदला, जुनीच परत बसवणाऱ्या मिस्तरीला तिथंच थांबवा.

स्प्लेंडरवाल्यांनी हे सगळं सोडून द्यावं. त्यात कागदी फिल्टरच नसतो. फिरत्या चकतीत घाण बाहेर फेकून साठवतात आणि खाली एक जाळी असते. तरी वर्षातून दोन-तीन पोरं येतात, "इम्पोर्टेड ऑइल फिल्टर टाका" म्हणत. मी जाळी धुऊन देतो.

खरी भीती बनावट मालाची आहे. वर ज्या साठवाल्याचं पोट सांगितलं, तो निदान स्वतःच्या नावानं तरी विकला जात होता. एकदा नामांकित कंपनीच्या खोक्यातला, पूर्ण किमतीचा डबा मला मिळाला. हातात घेतला तर हलका लागला. कापल्यावर आत साठवाल्याचाच भाऊ. तेव्हापासून माझ्या सवयी ठरल्यात. बिलाशिवाय घेत नाही. डब्याच्या तोंडाच्या भोकांची कड आणि मधले आटे बोटानं चाचपतो, खऱ्याचे गुळगुळीत असतात, बनावटाचे हाताला टोचतात. छपाईची अक्षरं खोक्यावर आणि डब्यावर ताडून बघतो. आणि छापील किमतीच्या निम्म्यात कुणी द्यायला लागला तर हात जोडतो. हजाराचा फिल्टर घेणाऱ्याला ही भीती जास्त, कारण नक्कल करणाऱ्याला त्यातच नफा.

बसवताना होणारी एक चूक सांगतो, माझ्याच हातून झालेली. जुना डबा काढला, त्याचा रबरी वायसर इंजिनालाच चिकटून राहिला आणि मी न बघता नवा डबा वर चढवला. वायसरवर वायसर. गॅरेजमध्ये गाडी स्टार्ट केली, थेंब नाही. अंबड रोडला दहा किलोमीटरवर दाब वाढला, वायसर सरकला आणि सगळं तेल रस्त्यावर. दिवा पेटताच त्या माणसानं गाडी बंद केली म्हणून इंजिन वाचलं. टोचन करून आणली, नवं तेल माझ्या खिशातून. तेव्हा जुना डबा काढला की त्याच्या तोंडाला वायसर आहे का बघायचं, नसेल तर तो इंजिनावर आहे. नव्या वायसरला तेलाचं बोट लावायचं, वायसर टेकल्यापासून हातानं पाऊण आटा फिरवायचा, पाना लावायचा नाही. स्टार्ट केल्यावर दिवा विझेपर्यंत रेस द्यायची नाही.

दादा, मेव्हण्यानं प्रेमानं एक हजारवाला आधीच पाठवून दिला असेल तर परत करत बसू नका, लावा. फक्त लावायच्या आधी जुन्या डब्याशेजारी ठेवून आटे आणि वायसरचा घेर जुळतो का बघा, त्याच्या यादीत तुमच्या इंजिनाचं नाव आहे का तेही ताडा. आणि लावल्यावर, हजाराचा आहे म्हणून वीस हजार किलोमीटर चालवू नका, दहालाच काढा. काढलेला डबा टाकू नका, जालन्याकडं आलात तर घेऊन या. कटर आहे, कापून बघू.